तीनच्या पाकिटातला पेन ड्राइव्ह

“पेन ड्राइव्ह चांगला घे. स्वस्तातला उचलून आणू नकोस,” असं बायकोने दोनदा बजावलं होतं, आणि दोनदा बजावलं म्हणूनच जावयाने दुकानातला सगळ्यात स्वस्त घेतला. एरवी तो एका कारखान्याच्या खरेदी विभागातला कारकून. समोरच्याने सांगितलेल्या भावात काही घेणं म्हणजे त्याला पराभव वाटे. पण आजच्या दिवसापुरता तो फक्त जावई होता.

“साहेब, हा जरा स्लो आहे,” दुकानदाराने प्रामाणिकपणे सांगितलं होतं.

“मला त्यावर बसून कुठे जायचंय?” जावई म्हणाला आणि तीन नगांचं पाकीट खिशात टाकून विजयी मुद्रेने घरी आला.

सासरे लिफ्ट दुरुस्त करायचे. आज ते निवृत्त होत होते आणि कंपनीच्या सभागृहात निरोपाचा कार्यक्रम होता. त्यासाठी बायकोने महिनाभर खपून वडिलांच्या नोकरीवर एक छोटा चित्रपट तयार केला होता. जुने फोटो, सहकाऱ्यांच्या आठवणी, सगळं. शेवटची दुरुस्ती करून ती आईबरोबर पुढे गेली. चित्रपट पेन ड्राइव्हवर घालून वेळेत आणायचा, एवढंच काम जावयाकडे होतं.

पण जावयाला ते एवढंच वाटत नव्हतं. सासरे म्हणजे तोंडात मिठाची गुळणी धरलेला माणूस. लग्न झाल्यापासून ते जावयाशी “या”, “बसा” आणि “निघालात?” यापलीकडे बोललेच नव्हते. आपण त्यांच्या पसंतीला उतरलो नाही, हे शल्य त्याला मनातून खात असे. आज त्यांच्या आयुष्याचा चित्रपट आपल्या हातून पोचणार, तेव्हा तरी ते दोन शब्द जास्त बोलतील, अशी त्याला आशा होती.

कॉपी सुरू झाली. स्क्रीनने सांगितलं, पाच मिनिटं. जावयाने आंघोळ उरकली, तेव्हा स्क्रीन म्हणाला, पन्नास मिनिटं. शर्टाला इस्त्री होईपर्यंत त्याचा सव्वा तास झाला. सरकारी कचेरीत चौकशी केल्यासारखं दर वेळी नवंच उत्तर मिळत होतं. पाकिटातला दुसरा पेन ड्राइव्ह लावून पाहिला, तर लॅपटॉपने त्याला ओळखच दाखवली नाही. तिसऱ्याला ओळख दाखवली, पण तो इतका तापला की काढताना बोट भाजलं. शेवटी पुन्हा पहिल्याचेच पाय धरले.

“निघालास का?” बायकोचा फोन आला.

“निघालोच,” बनियनवर स्क्रीनसमोर बसलेला जावई म्हणाला.

आता थांबलं तर कार्यक्रम हुकणार आणि पेन ड्राइव्ह उपसला तर चित्रपट अर्धाच राहणार. झाकण मिटलं की लॅपटॉप झोपतो आणि कॉपी थांबते, हे त्याला ठाऊक होतं. तेव्हा त्याने शर्ट चढवला, लॅपटॉप उघडाच दोन्ही हातांवर घेतला, चार्जर गळ्यात अडकवला आणि तान्ह्या बाळाला दवाखान्यात न्यावं तसा जिना उतरला. टॅक्सीचं दार ड्रायव्हरलाच उघडावं लागलं.

“हळू चालवा हां. धक्का बसता कामा नये.”

“काय आहे त्यात?”

“सासरे,” जावई म्हणाला.

ड्रायव्हरने आरशातून एकदा पाहिलं आणि टॅक्सी अगदी हळू काढली.

सभागृह दोन चौकांवर राहिलं असताना गाड्यांची ही रांग लागली आणि लॅपटॉपची बॅटरी शेवटचे आचके देऊ लागली. जावयाचं धाबं दणाणलं. समोर केशकर्तनालय दिसलं. टॅक्सी सोडून तो आत घुसला.

“काका, जरा प्लग मिळेल?”

“प्लग गिऱ्हाइकांसाठी आहे,” न्हावी म्हणाला. “खुर्चीत बसा, मग खुशाल वापरा.”

जावई बसला. चार्जर लागला, गालांना फेस लागला. मांडीवरच्या स्क्रीनवर वीस मिनिटं होती. बाकावरची गिऱ्हाइकंही माना वाकडी करून पाहू लागली.

“एवढा वेळ? माझ्या भाच्याकडचा तर चुटकीसरशी करतो,” एक जण म्हणाला.

“स्वस्तातला घेतला असेल,” दुसऱ्याने निदान केलं.

“बारा झाली! बारा मिनिटं!” तिसरा ओरडला. जावयाने पाहायला मान खाली घातली आणि त्याच क्षणी वस्तरा वर गेला. आरशात उजवीकडची मिशी नव्हती.

“हलू नका म्हणून सांगायच्या आतच हललात,” न्हावी म्हणाला. “आता डावीकडची ठेवू की काढू?”

सभागृहाच्या दारात बायको उभी होती. तिने आधी त्याला ओळखलंच नाही, मग ओळखलं आणि आणखी चिडली.

“मिशी कुठंय? आणि हा लॅपटॉप कशाला आणलास उघडा?”

“कॉपी व्हायचीय अजून. पाचच मिनिटं...”

“अरे, चित्रपट लॅपटॉपमध्येच आहे ना?”

“हो.”

“मग तो लॅपटॉप तुझ्या हातातच आहे ना? काखेत कळसा आणि गावाला वळसा!”

सभागृहाचा ऑपरेटर पुढे आला. “वायर लावली की झालं, साहेब.”

“मग पेन ड्राइव्ह आणा असं का सांगितलंत?” जावई रडकुंडीला आला.

“लॅपटॉप कोण उचलून आणणार, म्हणून म्हटलं.” असं म्हणत त्याने लॅपटॉप टेबलावर घेतला. “आणि हे काय लोंबतंय?” त्याने पेन ड्राइव्ह खसकन उपसून जावयाच्या हातावर ठेवला.

चित्रपट झकास झाला. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. सासरे बराच वेळ चष्मा पुसत बसले आणि मग उठून जावयाकडे आले.

“याची एक प्रत मिळेल का? घरी टीव्हीवर बघीन म्हणतो.”

“आत्ता देतो, बाबा,” जावई म्हणून गेला, आणि मग त्याला पेन ड्राइव्ह आठवला.

कॉपी पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. माणसं पांगली. बायको आणि सासूबाई भेटवस्तू घेऊन पुढे गेल्या. रिकाम्या खुर्च्यांमध्ये जावई आणि सासरे दोघेच उरले.

“मिशी का काढलीत?” सासऱ्यांनी अचानक विचारलं.

जावयाने ठरवलं, आता लपवून काय उपयोग. तीनच्या पाकिटापासून वस्तऱ्यापर्यंत सगळं त्याने सांगून टाकलं. सासऱ्यांचे खांदे हलू लागले. ते हसत होते, हे कळायला त्याला थोडा वेळ लागला. मग ते बोलायला लागले. पहिली नोकरी, पहिला साहेब, लिफ्टच्या दोरात सापडलेलं कबूतर. माणूस थांबेचना. जावई इतक्या आनंदाने ऐकत होता की स्क्रीनवर ‘पूर्ण झाले’ अशी अक्षरं आली, तेव्हा त्याला चक्क वाईट वाटलं. त्याने लॅपटॉप हळूच स्वतःकडे वळवला.

“तुमच्या सासूबाई पहिल्यांदा भेटल्या त्याही बंद पडलेल्या लिफ्टमध्येच,” सासरे म्हणाले. “त्या आत, मी बाहेर जाळीशी. त्यांच्या परीक्षेची कसलीशी गंमत सांगत होत्या... अजून किती वेळ आहे हो?”

“बराच आहे, बाबा. स्वस्तातला आहे ना.”

सासऱ्यांनी पलीकडे वळलेल्या स्क्रीनकडे पाहिलं, जावयाकडे पाहिलं आणि ते खुर्चीत आरामात मागे टेकले.

“असू दे. तर लिफ्ट मी केव्हाच नीट केली होती. पण त्यांना सांगितलं, बाई, अजून बराच वेळ लागेल.”