विमानाने निघालेला नवरदेव

अख्ख्या नगर जिल्ह्यात खाजगी गुप्तहेर मी एकटाच. दुसरा कोणी असता, तर मी त्याला शोधून काढलाच असता. नाव सूर्यभान. नजर घारीची, कान सशाचे, आणि मेंदू, माझा मेहुणा भीमा म्हणतो तसा, "जपून ठिवल्याला". भीमा माझा मदतनीस. पगार मागत नाही, पण अक्कल शिकवतो.

एकोणीसशे सेहेचाळीसच्या डिसेंबरात सोनईच्या योसेफ मास्तरांनी मला बोलावलं. त्यांच्या लेकीचं, हन्नाचं लग्न होतं. मुंबईहून वऱ्हाडाची लॉरी सकाळीच येऊन पोहोचली होती. नवरदेव मोझेस मात्र आदल्या दिवशीच विमानाने निघाला होता, आणि दुपार झाली तरी त्याचा पत्ता नव्हता. सगळं गाव चर्चच्या पटांगणात माना वर करून उभं होतं.

मी नकाशा पसरला. "मास्तर, रस्ता घाटातून वळत येतो, विमान सरळ येतं. म्हणजे नवरदेव लॉरीच्या आधीच पोहोचलाय. तो इथंच आहे, वेष पालटून."

माझा संशय लग्नात पेटी वाजवायला आलेल्या पेटीवाल्यावर होता. मी त्याची मिशी ओढली. मिशी खरी निघाली. त्याचा रागही खराच होता.

"मग वेग जास्त झाला," मी गाल चोळत म्हणालो. "विमानातून सोनई म्हणजे एक शिंक. नवरदेव शिंकला आणि गाव मागे पडलं. तो आता निजामाच्या हद्दीत असणार."

"तार करू का दाजी?" भीमाने विचारलं. "पर कुनाच्या नावानं? निजामाच्या?"

मी त्याच्याकडे दुर्लक्ष केलं. "उरली एकच शक्यता. इतक्या जलद वाहनात माणूस येण्यासाठी बसत नाही, पळण्यासाठी बसतो."

बोललो आणि जीभ चावली. सकाळपासून ताठ उभे असलेले मास्तर मटकन ओट्यावर बसले. मांडवात कुजबुज सुरू झाली. मला माझ्या धंद्याची पहिल्यांदाच लाज वाटली.

तेवढ्यात पांढऱ्या साडीतली हन्ना बाहेर आली आणि थेट वरमाईपाशी गेली.

"आत्याबाई, विमान सोनईत उतरणार होतं का?"

"न्हाई गं बाई. पुन्यापातुर इमान, फुडं सर्व्हिस मोटार."

"मग हे सांगितलं का नाहीत?"

"कुनी इचारलंच न्हाई. हे साहेब तर मिशाच वढीत हुते."

"मोटार घोडेगावच्या फाट्यावर सोडते," हन्ना म्हणाली. "तिथं कोणी जाऊन पाहिलं?"

कोणीच पाहिलं नव्हतं. सगळे आभाळाकडे बघत होते. हन्नाने बैलगाडी जुंपायला सांगितली आणि स्वतःच चढून बसली.

"अगं, नवरीनं असं जायचं नसतं," मास्तर म्हणाले.

"नवराच नसेल तर मी नवरी कसली, बाबा?"

मी आणि भीमा मागे लोंबकळलो. फाट्यावर बाभळीखाली, सुटाबुटात, ट्रंकेवर एक तरुण बसला होता. नव्या बुटांनी पाय सोलले होते, म्हणून बूट हातात.

"मुंबईहून पुणं चुटकीसरशी आलं," तो हन्नाकडे बघत कळवळून म्हणाला. "पण हे तीन कोस सकाळपासून येतच नाहीत."

हन्ना पदराआड हसली. मग सरकून तिने जागा करून दिली.

परतताना गाडीवान बैलांना पिटाळू लागला. तिकडे लग्न लावणारे पाळकसाहेब खोळंबले होते, जेवण निवत होतं. तरी मोझेस दबक्या आवाजात म्हणाला, "जरा हळू हाका."

विमानातून आलेल्या माणसाला बैलगाडी हळू का हवी असावी? मी भीमाला हळूच विचारलं. त्याने माझी बाही ओढली.

"दाजी," तो म्हणाला, "खाली उतरा. आपन चालत येऊ."