आप्पांचा ड्रायर आणि पान चौदा

आमचे आप्पा तीन भाषांत रागावतात. रोजचा किरकोळ राग मराठीत. वीज गेली, गटार तुंबलं, रिक्षावाल्याने दुकानासमोर रिक्षा लावली, की कानडीत. आणि राग टाळूला भिडला की इंग्रजीत.

इंग्रजी त्यांना येत नाही. जे येतं ते सगळं एका मशीनच्या पुस्तिकेतलं. त्यामुळे ते माणसांना मशीनची भाषा लावतात. कुणी गिऱ्हाईक चादरींचं गाठोडं आपटून "उद्या सकाळी पाहिजेत" म्हणालं की आप्पा गरजतात, "डू नॉट ओव्हरलोड!" आणि कुणाशी कायमचं तोडायचं असेल तर दाराकडे बोट करून म्हणतात, "जा. तुझी वॉरंटी व्हॉइड." सख्ख्या मेव्हण्याची वॉरंटी अशीच व्हॉइड झालेली आहे. तो दर दिवाळीला येतो, चिवडा खातो, पुन्हा व्हॉइड होऊन जातो.

आप्पा म्हणजे माझ्या बाबांचे थोरले चुलतभाऊ. निपाणीत त्यांची लाँड्री आहे. बँकेच्या परीक्षेचा निकाल लागेपर्यंत मी रोज कोगनोळीहून एसटीने तिथे जाते आणि पावत्या लिहिते. निदान ठरलं तसं होतं. प्रत्यक्षात माझं मुख्य काम पोथी वाचण्याचं.

पोथी म्हणजे तीच पुस्तिका. बेळगावातलं एक हॉटेल बंद पडलं तेव्हा आप्पांनी तिथला गॅसवर चालणारा कपडे वाळवायचा ड्रायर जुना घेतला. त्याच्यासोबत ही पुस्तिका आली. आप्पांनी ती पिवळ्या फडक्यात बांधून देवाच्या फळीवर ठेवली. सकाळी उदबत्ती लावून झाली की मी एक पान वाचायचं आणि मराठीत अर्थ सांगायचा. आप्पा रस्त्याकडे तोंड केलेल्या आपल्या खुर्चीत बसून ऐकणार.

"मोठ्यानं वाच की गं. मशीनला ऐकू गेलं पायजे."

मोठ्याने बोलणं मला जमत नाही. शाळा इंग्रजी माध्यमाची. त्यामुळे मराठीत भांडायला लागले की शब्द सापडत नाहीत आणि इंग्रजीत भांडले की समोरचा हसतो. म्हणून मी गप्प बसते आणि बघत राहते.

बघता बघता एक गोष्ट लक्षात आली होती. उन्हाळ्यात पुस्तिकेचं पहिलं पारायण पुरं झालं. दुसऱ्या वेळी तेरावं पान संपल्यावर आप्पा म्हणाले, "आता पंधरा काढ." पुढच्या खेपेलाही तेच. चौदाव्या पानावर काय होतं ते मी विसरले होते. काही लोक तेरा आकडा अशुभ मानतात, यांचा चौदा असेल, असं समजून मी पान उलटलं.

जुलैत ड्रायर रुसला.

पहिली वीसेक मिनिटं तो छान तापायचा. मग आतला जाळ विझायचा. ड्रम मात्र ऐटीत फिरत राहायचा आणि चादरी गारच्या गार बाहेर यायच्या. तासभर विसावा दिला की पुन्हा वीस मिनिटं तापणार. एका दवाखान्याच्या चादरी आमच्याकडे येतात. लाँड्री त्यांच्यावरच चालते. दोनदा दमट चादरी गेल्या. तिथल्या सिस्टरबाईंचा फोन आला, "शनिवारी पण ओल्या आल्या तर कोल्हापूरला देणार. मग मला सांगू नका."

आप्पांनी तपास सुरू केला. सिलिंडर हलवून पाहिला, बदलला. रेग्युलेटर बदलला. कपड्यांतून सुटणारा मऊ कापूस जिथे अडतो ती जाळी मी दर खेपेला पुसत होते, तरी ती त्यांनी स्वतः जुन्या टूथब्रशने घासली. सगळं ठीक निघालं. मग आरोपी उरली एकटी मी.

"हीच मधी दार उघडती. इंग्लिश मीडियम. हात लावला की बिघडलंच."

हे ते गिऱ्हाइकांना सांगायचे. पोस्टमनला सांगायचे. एकदा रस्त्याने चाललेल्या अनोळखी माणसाला हाक मारून सांगितलं. आठ दिवस मी ऐकून घेतलं. रात्री उशीत तोंड खुपसून तीन भाषांत उत्तरं दिली, सकाळी पुन्हा मुकाट पुढचं पान काढलं.

गुरुवारी बेळगावचा मेकॅनिक आला. भला माणूस होता. त्याने मशीन चालू करून कान लावला, मागे हात घातला आणि म्हणाला, "आप्पा, जाळ बरोबर हाय. हवा तुंबायलीय. गरम हवा भायेर जाईना म्हणून आतलं बटण गॅस तोडतंय. तुमचा पाइप कुठवर गेलाय?"

साधा प्रश्न होता. आप्पांचे कान लाल झाले.

"पाइपचं काय करायचंय तुला? मशीन बग!"

"पाइप बघितल्याबिगर..."

"चल, नीघ! तुझी वॉरंटी व्हॉइड!"

मेकॅनिक पावसात निघून गेला. शनिवारला दोन दिवस होते आणि मशीन कळणारा एकुलता एक माणूस यांनी हाकलला. आता मी तापले, आणि वीस मिनिटांनी विझणारी नव्हते. आप्पा जेवायला गेल्यावर मी फडकं सोडलं आणि चौदावं पान काढलं.

त्यात एवढंच होतं: गरम हवेचा पाइप जितका आखूड आणि सरळ तितका बरा. लांब झाला, वळणं वाढली, की आत हळूहळू कापूस साचतो, हवा कोंडते, मशीन तापवणं सोडून देतं. या हवेत जळलेला गॅस असतो, म्हणून ती उघड्यावरच सोडा.

आमचा पाइप सुरुवातीला सरळ बोळात निघत होता. जूनमध्ये एका रविवारी आप्पांनी स्वतःच तो माळ्यावर चढवला होता. "पाऊस आत येतो" म्हणाले होते. मी स्टुलावर चढले. पाइप गाठोड्यांमागून सबंध माळा ओलांडून, चार वळणं घेत, मागच्या भिंतीतून बाहेर गेला होता. मी छत्री घेतली आणि मागे गेले.

मागे रत्नाआक्का राहतात. विड्या वळतात. निपाणीत विड्या वळणाऱ्या बायका कमी नाहीत, पण आप्पांशी रोज भांडणारी ही एकच. गटारावरून, कोंबडीवरून, आवाजावरून. तिन्ही बाजूंनी उघड्या त्यांच्या पत्र्याखाली आमचा पाइप लोंबत होता आणि त्याच्या तोंडासमोर विड्यांची सुपं ओळीने मांडलेली होती.

"बघ, बघ!" आक्का कडाडल्या. "तुझ्या आप्पानं नरडं सोडलंय माझ्या अंगणात! विचारलं न्हाय, सवरलं न्हाय. म्हणतोय, माझ्या मशीनची घाण कुठंतरी टाकायचीच हाय, तुझ्यात टाकतो. लई माजलाय!"

"मग सुपं का मांडली?"

आक्कांनी एक विडी उचलून बोटांत फिरवली. "पावसात ओल धरली की ठेकेदार छाटतो, पैसं देत न्हाय. आठवड्याचं कष्ट मातीत." मग एकदम आवाज चढवून, "पर म्हणून त्यानं विचारायचं न्हाय व्हय गं?"

मी परत आले तेव्हा आप्पा खुर्चीत बसून पोस्टमनला सांगत होते, "हीच मधी दार..."

"पाइप!" मी ओरडले.

माझा आवाज एवढा मोठा आहे हे मलाही माहीत नव्हतं. पोस्टमनने सायकल सावरली.

"तुम्हाला माहीत होतं! पान चौदा! म्हणून पंधरा काढायला लावत होतात! आठ दिवस सगळ्या गावात माझं नाव घेतलंत, त्या मेकॅनिकला हाकललंत, आणि बिघाड तुम्ही स्वतः केला होता! आप्पा," माझं बोट आपोआप दाराकडे गेलं, "तुमची वॉरंटी व्हॉइड!"

पोस्टमन निघून गेला. आप्पांनी ड्रायरकडे तोंड फिरवलं. मशीन रिकामंच फिरत होतं. मग ते हळू बोलले, इतकं हळू की मशीनला ऐकू गेलं नसावं.

"भांडाय येत न्हवती ती रत्ना. जूनमधी. आठ दिवस आवाज न्हाय. इचारलं तर म्हणाली, विड्या छाटात गेल्या, भांडाय जीव न्हाय. म्हणून पाइप तिकडं वळवला." त्यांनी गुडघ्यावरचा नसलेला कापूस झटकला. "तुझी काकू गेल्यापास्नं माझ्याशी वरच्या आवाजात बोलणारं ती एकटीच हाय. बाकीचे भितात न्हायतर गप बसतात. तुझ्यागत."

माझा राग गेला नाही, हे प्रामाणिकपणे सांगते. पण तो कुठे ठेवावा ते कळेना.

"पाइप काढतो," ते म्हणाले.

"काढू नका. मशीन मागच्या भिंतीला लावा. हातभर सरळ पाइप पुरेल. तोंड तिथेच राहील."

मागच्या भिंतीला लावायचं म्हणजे देवाची फळी हलणार. गाठोड्यांचं कपाट पुढे येणार, आणि ते मावायला आप्पांची रस्त्याकडे तोंड केलेली खुर्ची जाणार, जिच्यातून ते सबंध निपाणीवर देखरेख करतात. त्यांनी एकदा रस्त्याकडे पाहिलं. मग उठले आणि खुर्ची स्वतः उचलून मागे नेली. त्यांनी मेकॅनिकला फोन लावला आणि माझ्याकडे दिला. स्वतः बोलायला लाजले.

शुक्रवारी मशीन हललं. शनिवारी चादरी गेल्या, पापडासारख्या कडक. सिस्टरबाईंचा फोन आला नाही, म्हणजे सगळं ठीक. आप्पांनी गावात कुणालाही खरं कारण सांगितलं नाही. पोस्टमन अजून मला मशीन बिघडवणारी मुलगी समजतो.

सोमवारी उदबत्ती झाली. भिंतीपलीकडून आक्का ओरडल्या, "आता तर नरडं अजून गरम झालंय! सुपं करपवतोस व्हय रं?" आप्पांनी तिकडे तोंड करून समाधानाने सणसणीत उत्तर दिलं. मी पिवळं फडकं सोडलं.

"चौदा वाच," ते म्हणाले.

मी वाचलं, मोठ्याने. पान संपलं तरी आप्पा उठेनात. खुर्चीच्या हाताचा रंग नखाने खरवडत बसले.

"माझी वॉरंटी," ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "व्हॉइडच हाय, का..."

"चालू आहे," मी म्हटलं.

वॉरंटीचं पान पुस्तिकेत सगळ्यात शेवटी आहे. मशीन आम्ही घेतलं त्याच्या कितीतरी आधीच तिची मुदत संपली होती. पारायण मी दर वेळी त्याच्या आधीच्या पानावरच पुरं करते; ते पान मी आप्पांना कधीच वाचून दाखवलेलं नाही.