ताजबीने मुरवलेला माशांचा दाणा

गोष्ट २०२२ सालची. कामरगावच्या ताजबीने धाकट्या लेकीच्या, लायबाच्या मंगनीसाठी कारंजाच्या व्याह्यांना ठणकावून सांगितलं होतं, "बाजारची मासोळी नाही, आमच्या शेततळ्यातली खाऊ घालीन. चाळीस माणसं आना!"

एक गोष्ट तिने सांगितली नव्हती. तळ्यातले रोहू दाणा हाणत, पण अंगी लागत नसे. ढेप-कोंडा खायचे आणि पाण्यावर पांढऱ्या दोऱ्यासारखी शी सोडायचे, झालं!

शेवटी तिचा नवरा सैफुद्दीन कारंजाला गेला. दाण्याचे दुकानदार राजपाल यांनी पाचक पावडरीचा डबा दिला. "यात एन्झाइम हाये. दहा किलो कोरड्या दान्याले पाच चमचे, तेलात कालवून चोळा अन् लगेच टाका. भिजवून ठेवू नका."

सैफुद्दीनने चमचे मोजून तीन आठवडे तसंच केलं. दोरे थांबले, मासे भरू लागले. मंगनीला दोन दिवस उरले तेव्हा तो जऊळक्याला पाहुण्यांना बोलावायला गेला आणि दाणा ताजबीच्या हाती आला.

"पाच चमच्यात एवढा फरक, तर डबाभर टाकली तं?" ती लायबाला म्हणाली.

"अम्मी, दुकानदार नाही म्हनत होता."

"मटनाले कच्ची पपई चोळून ठेवतो, तवा कोन दुकानदार येते विचाराले? मुरल्याशिवाय गुन लागत नाही!"

टपभर दाणा पाण्यात भिजवला, डबा रिकामा केला, कणकेसारखं मळून वर ओलं फडकं टाकलं. तेव्हा त्यात काठी उभी राहत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सैफुद्दीन परतला आणि फडकं उचललं. आत पातळ कढी!

"अवं, दाना कोठी गेला?"

"पचला," ताजबी म्हणाली.

"कोनाले?"

"टपाले!"

एवढं धान्य फेकायचं कसं, म्हणून ताजबीने सगळी कढी तळ्यात ओतली. मासे जवळही आले नाहीत. पाणी मात्र ताकासारखं झालं.

मंगनीच्या सकाळी सगळे रोहू वर येऊन तोंडं वासत होते. ती कढी पाण्यात नासली होती आणि पाण्यातली हवा संपली होती. ताजबीला दिसत होते चाळीस पाहुणे आणि कोरी ताटं.

शेजारच्या वावरातले दौलतराव धावत आले. "मोटार लावा, वरून पानी सोडा!" मोटार लावली आणि लाइन गेली!

मग काय, घमेली घेऊन नवरा-बायको आणि दौलतराव, तिघंही कमरेएवढ्या पाण्यात. पाणी उचलायचं, उंचावरून आपटायचं. लायबाही मंगनीचा शरारा खोचून उतरली आणि तेवढ्यात व्याह्यांची जीप आली.

पांढऱ्याशुभ्र पठाणीतले व्याही अल्ताफभाई काठावर उभे राहिले. "काय करून राह्यले तुमी?"

ताजबीची मान खाली. "भाईसाहब, तुमच्या जेवनाचा जीव वाचवून राह्यलो. चूक माहीच हाये."

अल्ताफभाईंनी जोडे काढले. "मले बी एक घमेलं द्या!"

दोन तास पाच जणांनी नि मग येतील तशा सगळ्या पाहुण्यांनी तळं घुसळलं. दुपारी मासे खाली गेले. सैफुद्दीनने जाळं उचललं, तर अल्ताफभाईंनी त्याचा हातच धरला. "सकाळपासून ज्याइले हवा देली, त्याइले आता कापता?"

दौलतरावांच्या मनकर्णाबाईंनी वावरातली वांगी तोडली. चुलीवर भाकऱ्या पडल्या. मंगनी झाली, आणि ताटात मासोळीचा काटाही नव्हता.

लायबा आता कारंजाला सुखात आहे, तिला एक मुलगी आहे. दौलतरावांनी स्वतःचं शेततळं खणलं. राजपाल कामरगावच्या गिऱ्हाइकाला पावडर पुडीतच देतात, डबा दाखवतही नाहीत. ताजबी दाण्याच्या खोलीत जात नाही, किल्ली सैफुद्दीनच्या कमरेला असते.

अल्ताफभाई मात्र दर शुक्रवारी फोन करतात. आधी विचारतात, "आपले मासे कशे हायेत?"

ते सगळे रोहू दुसऱ्याच वर्षी कारंजाच्या बाजारात विकले गेले. पण सैफुद्दीन दर वेळी म्हणतो, "मजेत हायेत, भाई. तुमाले सलाम सांगतात!"