अक्काचं वांगं आणि खैरनार सरांची चूक

लग्नपत्रिकेत 'मुहूर्त दुपारी १२ वा. ३५ मि.' असं छापलेलं वाचून "चूक किती?" असं विचारणारा माणूस मी एकच पाहिला. आमचे खैरनार सर. पत्रिका घेऊन आलेला वधूपिता बिचारा शुद्धलेखन तपासत बसला. सरांना विचारायचं होतं एवढंच, की अक्षता किती मिनिटं इकडेतिकडे होतील.

धुळ्याच्या बसस्टँडवर कंडक्टर म्हणाला, "दहा मिनिटांत सुटेल." सरांचं तेच. "दहा ठीक, चूक किती?" कंडक्टरही खान्देशी. "सुटली म्हणजे सांगतो, सर."

हसा तुम्ही. पण धुळ्यातल्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर सुरुवात केलेल्या याच माणसाने ओल्या वस्तूत उष्णता कशी शिरते याचं असं गणित मांडलं, की आज परदेशातली धान्य वाळवणारी यंत्रं त्यावर चालतात. मी त्यांचा विद्यार्थी, पुढे जळगावला त्यांच्याच विभागात शिक्षक. पीएच.डी.च्या वेळी चौथ्या दशांश स्थळावरच्या एका आकड्यापायी त्यांनी माझे तीन महिने खाल्ले. एकदा भर परिषदेत एका नामांकित जर्मन प्राध्यापकांना म्हणाले, "आपण चुकलात." त्या गृहस्थांनी उभं राहून ते मान्य केलं.

परदेशातून तीनदा बोलावणं आलं. तिन्ही वेळा सरांचं उत्तर एकच: "अजून अक्का हरली नाही."

अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. धरणगावला एकटी राहते. आई गेल्यावर कापूस वेचून तिनेच सरांना शिकवलं. हिवाळ्यात दर रविवारी सर मला घेऊन एसटीने तिच्याकडे जात. पिशवीत तापमापी, स्टॉपवॉच आणि वही. अंगणात कपाशीच्या वाळल्या काड्या पेटत, भरताचं वांगं त्यात जाई आणि ते कितव्या मिनिटाला शिजेल, ते सर मापं घेऊन आधीच लिहून ठेवत. अक्का वहीकडे ढुंकून पाहत नसे. मध्येच देठाजवळ बोटांनी दाबायची, 'हाय' करून बोटं फुंकायची आणि सरांना म्हणायची, "काढ रे बापू, शिजी गयं. तुनं घड्याळ अजून शाळामाच शे." फोडून पाहावं तर वांगं लोण्यासारखं. सरांच्या आकड्याला अजून मिनिटभर तरी अवकाश. वर्षानुवर्षं हेच.

यंदा सरांनी समीकरण दुरुस्त केलं. एसटीत लहान मुलासारखे हात चोळत होते. "आज अक्का हरणार."

वांगं विस्तवात गेलं. सरांनी लिहिलं, साडेतेरा मिनिटं. दहाव्या मिनिटालाच अक्काने देठाजवळ दाबलं आणि दाबूनच धरलं. ना 'हाय', ना फुंकर.

"काढ रे बापू."

सरांनी तिचा हात हातात घेतला. बोटांवर जुने, नवे फोड होते. "अक्का, चटका नही बसना?"

"कसाना चटका?"

साखरेच्या आजाराने तिची बोटं बधिर झाली होती. सरांनी वांगं काढलं, तिच्याकडे पाठ करून फोडलं. मधे पांढरंफटक, कच्चं. आयुष्यात पहिल्यांदा सर जिंकले होते.

"शिजनं ना रे?"

"लोणी शे, अक्का."

"मंग! तुनं घड्याळ..."

सरांनी ते मिरची-लसणात कालवलं आणि निम्मं माझ्या ताटात ओतलं. आम्ही दोघांनी कचाकचा सगळं संपवलं, तिच्यासाठी कणही उरू दिला नाही. अक्का खूश. "बठ्ठं खाई टाकं! मनासाठे घासबी नही ठेवा!"

परतताना एसटीत सरांनी वही माझ्याकडे दिली. "लिही. अक्काची चूक, शून्य."

मी चमकलो. माझे तीन महिने आठवले. तरी लिहिलं. "आणि तुमची, सर?"

सर खिडकीबाहेर बघत होते. "तिची बोटं कधी मेली, मला कळलंच नाही रे. दर रविवारी मी नुसतं वांगंच बघत होतो."

आकडा त्यांनी सांगितला नाही. मीही पुन्हा विचारला नाही.