बिराजदार मॅडमचे दहा गट

माझी पत्नी आणि डॉ. बिराजदार यांची पहिली भेट आमच्या दारातच झाली. नमस्कार झाले, आणि चपला काढता काढता मॅडमनी विचारले, "थोरल्याच्या वेळी कळा आपोआप आल्या, की औषधानं आणल्या?"

पत्नी गोंधळली. "आपोआप."

"धाकटीच्याही? आधी सिझर नाही ना? मग थोरला पहिल्या गटातला, धाकटी तिसऱ्या." एवढे मार्गी लागल्यावर त्या समाधानाने खुर्चीत टेकल्या आणि म्हणाल्या, "आता चहा चालेल की."

सोलापुरातल्या एका न्यासाच्या रुग्णालयात मॅडम प्रसूती विभाग सांभाळतात आणि मी तिथे भूल देतो. माझ्या सहवासात माणसे गप्प होतात; तो माझ्या व्यवसायाचा भाग आहे आणि काही अंशी स्वभावाचाही. मॅडमचे अगदी उलट.

त्यांच्या मते जगातली कोणतीही बाळंतीण दहांपैकी एका, आणि एकाच, गटात बसते. पहिलटकरीण, दिवस भरलेले, बाळाचे डोके खाली, कळा आपोआप आलेल्या, तर पहिला गट. तिलाच औषधाने कळा आणल्या किंवा कळांआधीच सिझर केले, तर दुसरा. आधी बाळंतपण झालेले, पण सिझर नाही आणि कळा आपोआप, तर तिसरा. मागे सिझर झालेली असेल तर पाचवा. जुळे असेल तर आठवा, मूल आडवे असेल तर नववा. लेबर रूमबाहेरच्या फळ्यावर या दहा गटांचे दहा रकाने आखलेले आहेत. प्रत्येक बाळंतपणाची एक खडूची रेघ. सिझर झाले तर त्या रेघेवर काट. मॅडम बायकांना हाकही गटानेच मारतात. "तिसरी, श्वास सोड." "आठवी, दोघांनाही पाजलंस का?" नव्या नातेवाइकांना वाटते, बाई शाळेतून इकडे आल्या असाव्यात.

यंदा त्या निवृत्त होणार आहेत. तरीही विश्वस्तांच्या बैठकीत सिझरचा टक्का वाढल्याची तक्रार निघाली, तेव्हा सर्वांत आधी त्याच बोलल्या. एका विश्वस्तांनी सिझर सरसकट कमी करण्याची सूचना मांडली होती.

"आडव्या मुलाला नोटीस काढू का, सरळ हो म्हणून?" मॅडम म्हणाल्या. "टक्क्याला काय विचारता, गटाला विचारा की. आपला पाचवा फुगलाय. त्यातल्या बहुतेक बाया आधी पहिल्या-दुसऱ्यात होत्या, आणि तिथं कुणीतरी घाई केली. पहिल्या गटात घाईचं एकही सिझर होणार नाही. ते माझ्याकडं लागलं."

त्या दिवसापासून पहिल्या गटातल्या प्रत्येक मुलीच्या कॉटशेजारी एक प्लास्टिकचे स्टूल दिसू लागले, आणि त्या स्टुलावर मॅडम.

सांगोल्याकडची राजश्री त्यांच्या या हट्टाची खरी कसोटी ठरली. बरोबर आई होती, हिराबाई. घरी मेंढ्या. सकाळभर लेकीचे कण्हणे ऐकून दुपारी हिराबाईंचा धीर सुटला.

"मॅडम, कापा की आता. किती वरडतीया लेक. माज्या मेंढ्या झटक्यात वित्यात."

"तुमच्या मेंढ्या तिसऱ्या गटातल्या," मॅडम राजश्रीची कंबर चोळत म्हणाल्या. "पहिल्या वेताची मेंढी?"

हिराबाई जरा थांबल्या. "ती लई तरास देती."

"मग हिलाही देऊ द्या की तेवढा. बाळाचे ठोके चांगले आहेत. तोवर मी हितनं हलत नाही."

राजश्रीला कळा देता देता हसू आले. "आये, मला मेंढरात घातलं व्हय गं तुमी दोघींनी?"

दुपार कलली आणि ठोके घसरले. कूस बदलून पाहिली, तरीही कळ ओसरल्यावर ते सावरेनात. मी मॅडमकडे पाहिले. फळा त्यांच्या मनात येईल का, अशी शंका मला आली, हे खरे आहे. पण ती पुरती येण्याआधीच त्या स्टुलावरून उठल्या होत्या. "थिएटर," त्या म्हणाल्या, आणि ट्रॉली स्वतःच ढकलू लागल्या.

मी राजश्रीच्या पाठीत भूल दिली. कमरेखालचे कळत नव्हते, पण ती जागी होती. पडद्याअलीकडून तिने मला हळूच विचारले, "सर, मॅडमचा पहिला गट बिगडला का वं माज्यामुळं?"

पडद्यापलीकडचे हात थांबले नाहीत.

"राजश्री," मॅडम म्हणाल्या. त्यांच्या तोंडून बाळंतिणीचे नाव मी प्रथमच ऐकत होतो. "फळा घाई मोजतो. तू घाई केली नाहीस, मीही नाही. आता गप पड, बाळ येतंय."

मुलगी झाली, आणि तिने थिएटर दणाणून सोडले. मॅडमनी हात धुऊन पहिल्या रकान्यात रेघ ओढली, तिच्यावर काट मारली, आणि खडू जरा जोरातच खाली ठेवला.

संध्याकाळी राजश्रीच्या पायांची भूल उतरली का ते पाहायला मी वॉर्डात गेलो. स्टूल तिच्या कॉटशेजारी आले होते.

"पुढच्या खेपेला तू पाचवी," मॅडम सांगत होत्या. "पाचवीला सगळे घाबरवतात. सिझरनंतरही पुष्कळींचं नॉर्मल होतं. पण यायचं दवाखान्यातच, घरी नाही."

"तवा तुमी असाल न्हवं?" हिराबाईंनी विचारले.

"नोकरीत नसेन. फोन करा. नुसती शेजारी बसायला येईन."

"आन् घरच्यांचं कसं? कोन कोन असतंय घरी तुमच्या?"

मॅडमना कोणत्याही बाईचा गट सांगायला क्षणही लागत नाही. त्यांनी स्टुलावर उगाच बूड सावरले.

"मीच," त्या म्हणाल्या.

हिराबाईंनी भाकरीचे फडके सोडले, कडक भाकरी मोडली, तिच्यावर शेंगाची चटणी ठेवली आणि मोठा तुकडा मॅडमच्या हातावर दिला. मॅडम स्टूल पुढे ओढून खाऊ लागल्या.

मी दारातूनच परतलो. राजश्रीचे पाय थोड्या वेळाने पाहिले तरी चालणार होते.