गायकवाड साहेबांची रोजची फेरी

माझं लग्न ठरलं तेव्हा ऑफिसात सगळ्यांनी पेढे मागितले. गायकवाड साहेबांनी विचारलं, "लेखी आहे का?" मी पत्रिका पुढे केली. त्यांनी ती चष्मा वर करून वाचली, कोपऱ्यात 'आवक' असा शिक्का मारला आणि मगच म्हणाले, "अभिनंदन, तावडे मॅडम."

अंबरनाथच्या आमच्या नटबोल्टच्या कारखान्यात ते पर्सोनेल ऑफिसर. राहायला बदलापूरला. कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, गेटवरच्या वॉचमनपासून सगळ्यांना खणखणीत 'जय भीम' करत आत यायचे. कँटीनमध्ये कुणी "आज उसळ झकास झालीय" म्हटलं, तरी ह्यांचं आपलं तेच, "लेखी आहे का?" माणूस वाईट नव्हता हो, पण चार शब्द सरळ बोलेल तर शपथ!

तेव्हा सगळ्या पोरांना इंटरनेटवरच्या त्या मैत्रीच्या साइटचं वेड लागलेलं. आपलं एक पान उघडायचं, फोटो लावायचा आणि एकमेकांच्या पानावर काहीबाही लिहीत बसायचं. नेट फक्त अकाउंट्सच्या कॉम्प्युटरवर, म्हणजे माझ्या टेबलावर, त्यामुळे माझ्याभोवती कायम जत्रा. शेवटी मालक वैतागले आणि साहेबांना म्हणाले, "काहीतरी नियम करा राव."

झालं! साहेबांच्या अंगात दहा हत्तींचं बळ आलं. दोन दिवसांत बोर्डावर नियमावली झळकली. 'मशीनसमोर फोटो काढू नये. काढल्यास हेल्मेट घालून काढावा. कामाच्या वेळेत कंटाळा आल्याचे जाहीर करू नये. वरिष्ठांच्या फोटोखाली "कडक" असे लिहू नये. "छान" चालेल.'

आता नियम पाळतात की नाही हे बघायला नको? म्हणून साहेबांनी स्वतःचंही पान उघडलं. म्हणजे मी उघडून दिलं. फोटो गेटपासवरचा. 'आवडी' ह्या रकान्यात मला लिहायला लावलं, 'शिस्त'. मग रोज जेवणाच्या सुट्टीत साहेबांची फेरी सुरू झाली. मी कँटीनला गेले की ते माझ्या खुर्चीत बसायचे, डबा बाजूला ठेवायचे आणि एकेकाच्या पानावर जाऊन तपासणी करायचे. स्टोअरमध्ये चामटोलीचा पाटील होता. त्याच्या पानावर ह्यांनी सगळ्या जगासमोर लिहिलं, 'श्री. पाटील, आपण काल दुपारी "जाम बोर होतंय यार" असे लिहिले आहे. खुलासा करावा.' पाटलानं लगेच खुलासा केला, 'सॉरी ना साहेब यार.' आम्ही आठवडाभर हसत होतो.

एक दिवस मी कँटीनमधून चहा घेऊन टेबलाशी आले, तर पाटील तिथेच उभा. "काय साहेब, कालपण माझ्या पानावर चक्कर मारलीत ना?"

"तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? कोण येऊन गेलं त्याचं नाव दिसतं ना. सबको दिखता है, साहेब."

मला वाटलं, आता पाटलाची काही धडगत नाही. पण साहेबांनी त्याला नुसतं हातानंच जायला सांगितलं. पाटील गेल्यावर हळूच म्हणाले, "मॅडम, कंपनीबाहेरच्या माणसालाही दिसतं?"

"कुणालाही दिसतं, साहेब."

"मुलीलाही?"

साहेबांना एकच मुलगी, प्रज्ञा. तिनं उल्हासनगर कॅम्प एकमधल्या सिंधी मुलाशी लग्न केलं. त्याचा तिथे सायबर कॅफे. साहेब लग्नाला गेले नाहीत. "माझ्याशी बोलू नकोस," म्हणाले. आणि तीही ह्यांचीच लेक, बोलली नाही. वर्ष उलटून गेलं होतं. ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं, पण त्यांच्यासमोर तिचं नाव काढायची कुणाची टाप नव्हती.

"रोज जातो मी तिच्या पानावर," साहेब म्हणाले. "लिहीत काही नाही, नुसता बघतो. केस कापलेत तिनं. सासूबरोबरचा फोटो आहे, छान हसतेय." चष्मा काढून पुसत राहिले. "मला वाटलं, कुणाला कळत नाही. काय म्हणत असेल ती? बाप बोलत नाही आणि चोरासारखा डोकावून जातो!"

मी चहाचा कप टेबलावर ठेवला. मग विचारलं, "साहेब, तुमच्या पानावर कोण येतं ते बघितलंत कधी?"

कशाला बघतील? लोकांच्या पानांतून सवड मिळाली तर ना! मी त्यांचं पान उघडून दिलं. कोपऱ्यात येऊन गेलेल्यांची नावं होती. सगळ्यात वर, त्याच दिवशीचं नाव होतं प्रज्ञाचं.

साहेबांनी स्क्रीनला नाक लावून ते वाचलं. परत वाचलं. मग एका बोटानं अक्षरं शोधत तिच्या पानावर लिहिलं, 'प्रज्ञा, जेवलीस का?'

आम्ही दोघं बघत बसलो. माझा चहा पार गार झाला. मग उत्तर आलं, 'नाही अजून. बाबा, तुम्ही जेवलात?'

साहेब ताडकन उठले. डबा उचलला. "तिला लिहा, थांब म्हणावं. मी येतोय."

माझं लिहून होईपर्यंत ते गेटबाहेर पोचलेसुद्धा. खिडकीतून बघितलं, तर रिक्षात बसता बसता ओरडून सांगत होते, "कॅम्प एक! आणि जरा जोरात घे रे बाबा, पोरगी उपाशी बसलीय माझी."