टिटवी हलकी झाली

बसा पाहू सगळे. मांडी घालून. आणि मध्ये मध्ये बोलायचं नाही, मला राग येतो.

एका जंगलात, जिथे झाडं संपून मुरमाड माळ लागतो ना, तिथे एक टिटवी राहायची. टिटवी घरटं बांधत नाही. चार खडे इकडचे तिकडे करते आणि त्यांच्यातच अंडी घालते. अंडीही खड्यांसारखीच दिसतात. त्या साली तिची चार अंडी होती, आणि तिचा सगळा जीव त्या अंड्यांत अडकला होता.

त्यामुळे ती ओरडायची. कोल्हा दिसला की ओरडायची. मुंगूस दिसलं की ओरडायची. ढगाची सावली सरकली तरी ओरडायची. निजायची तीसुद्धा आभाळाकडे पाय करून. आभाळ पडलंच, तर पेलता यावं म्हणून.

जंगलात सगळे म्हणत, टिटवी ओरडली की काहीतरी वाईट घडतं. वाईट घडणार असतं म्हणून ती ओरडते, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. डोकी होती, पण ती दुसऱ्या कामांत होती.

शेवटी सांबर तिला म्हणालं, "बाई गं, तुझ्यापायी आमच्या झोपेचं खोबरं झालंय. तू फार निगेटिव्ह झाली आहेस. जरा घोरपड मॅडमना भेट."

घोरपड मॅडम लाइफ कोच होत्या. लाइफ कोच म्हणजे काय, ते विचारू नका, सांगतेच आहे. वैद्य पाला देतो. मास्तर धडा देतो. लाइफ कोच प्रश्न देतो. उत्तर आपलं आपण आणायचं असतं. मॅडमना हे शास्त्र चांगलं साधलं होतं, कारण त्या तासनतास एका खडकावर न हलता बसू शकत. एवढा शांत प्राणी जंगलात दुसरा नव्हता. पूर्वी त्या अंडी खात. पण तो विषय आपण मागे टाकला आहे, असं त्यांनी स्वतःच सगळ्यांना सांगितलं होतं. मग कोण कशाला शंका घेतंय?

टिटवी गेली. मॅडम तिच्या माळावर येऊनच सेशन घ्यायला तयार झाल्या. एवढ्या मोठ्या असून घरी येतात, याचं टिटवीला कौतुक वाटलं.

"तुम्हाला काय हवंय?" मॅडमनी विचारलं.

"जरा निवांतपणा."

"मग कशाने अडलंय?"

"अंडी आहेत ना."

"म्हणजे अंडी हे ओझं आहे."

"ओझं कुठलं हो, अंडी आहेत ती."

"मी काहीच म्हणत नाही," मॅडम म्हणाल्या. "तुम्हीच म्हणालात."

टिटवीने आठवून पाहिलं. आपण म्हणालो असू, असं तिला वाटलं.

मग मॅडमनी तिला रीत समजावली. दर सेशनला एकच ओझं सोडायचं. ते मॅडमवर सोपवायचं आणि आपण तळ्यापर्यंत चालत जायचं. उडायचं नाही. ओरडायचं नाही. मागे वळून तर मुळीच बघायचं नाही, कारण मागे बघणारा भूतकाळात राहतो.

टिटवी चालत तळ्यावर गेली आणि चालत परत आली. अंडी तीन होती.

"मॅडम, एक कमी दिसतंय."

"तुम्ही गेलेल्याकडे बघताय, की उरलेल्याकडे?"

टिटवी उरलेल्यांकडे बघू लागली. ती तिन्ही छान होती. पोटाखाली नीट मावतही होती. चार असताना एक सारखं बाहेर यायचं.

"आता कसं वाटतंय?"

"थोडं हलकं वाटतंय," टिटवी म्हणाली, आणि ते खरं होतं. मॅडमनी जीभ आत घेतली.

संध्याकाळी टिटवा किडे टिपून घरी आला.

"अगं, चार होती ना?"

"तू कायम कमतरताच बघ."

"कमतरता कसली, मी अंडी मोजतोय. आणि ती बया घोरपड आहे."

"हा तुझा पूर्वग्रह आहे," टिटवी म्हणाली.

मॅडमनी तिला आधीच सांगून ठेवलं होतं, की आपण बदलू लागलो की पहिले घरचेच पाय ओढतात. टिटवा पाय ओढत होता, त्या अर्थी आपण बदलतो आहोत, हे तिला पटलं. टिटवा ओरडू लागला तेव्हा तिने त्याला श्वासाकडे लक्ष द्यायला सांगितलं. बिचारा श्वासाकडे लक्ष देत बसला.

असं करता करता अंडं एक उरलं. जंगल शांत झालं. सांबर दुपारीही घोरू लागलं. जो तो टिटवीचं उदाहरण देऊ लागला. ती आता पाय पोटाशी घेऊन निजायची, चारचौघांसारखी. मात्र झोपेत तिची चोच पोटाखाली चाचपायची. एक अंडं लागायचं, बाकीची जागा गार लागायची, आणि तिला हुंदका यायचा. हे तिने मॅडमना सांगितलं.

"छान," मॅडम म्हणाल्या. "रडू येणं ही प्रगती आहे."

मग शेवटचं सेशन आलं. टिटवी चालू लागली. ती तळ्याजवळ पोचली असेल नसेल, तोच मागे अंडं फुटलं आणि पिल्लू ओरडलं.

मॅडमचं तोंड उघडंच होतं. पण ओरडणाऱ्याला आधी प्रश्न विचारायचा, ही त्यांची सवय आता हाडीमांसी खिळली होती.

"बाळा, हे ओरडणं कुठून येतंय, असं तुला वाटतं?"

आणि प्रश्न विचारला की उत्तर येईपर्यंत गप्प राहायचं, हा त्या शास्त्राचा पहिला नियम. मॅडम गप्प राहिल्या. पिल्लू नुकतंच बाहेर आलं होतं. त्याचं एकही सेशन झालं नव्हतं.

"तू मला खायला आली आहेस," ते मोठ्याने म्हणालं.

"हं. आणि त्याबद्दल तुला काय जाणवतंय?"

"भीती."

"ती शरीरात कुठे जाणवते?"

"घशात," पिल्लू म्हणालं, आणि घसा फुटेस्तोवर ओरडलं.

टिटवी थांबली. मागे बघायचं नाही, तिने स्वतःला बजावलं. एक श्वास घेतला. दुसरा घेतला. तिसरा काही तिला घेता आला नाही. हे आपलं लेकरू आहे, एवढंच तिला कळलं. ती वळली, उडाली आणि अशी ओरडली की सांबर झोपेतून दगडावर आपटलं. ओरडतच तिने घोरपडीच्या डोक्यावर चोच हाणली. टिटवाही श्वास सोडून धावून आला. घोरपड सरपटत कपारीत शिरली.

"आजची वेळ संपली," ती आतून म्हणाली.

टिटवीने पिल्लाला पंखाखाली घेतलं आणि ढसाढसा रडली. "माझी तीन लेकरं गेली," ती म्हणाली. "मी माझ्या पायांनी चालत गेले, आणि तिने ती खाल्ली." मग तिने हे माळभर, रानभर ओरडून सांगितलं. झाडाझाडापाशी जाऊन सांगितलं.

सगळ्यांनी ऐकून घेतलं. सांबर म्हणालं, "बघा, कोर्स अर्धवट सोडला की असं होतं."

घोरपड मॅडमना मात्र टिटवीचा राग आला नाही. काही जणांची बदलायची तयारीच नसते, असं त्या कपाळावरची खोक चाटत म्हणाल्या. हल्ली त्यांच्या खडकापाशी रांग असते. तितर येते, लावा येते, लांडोर येते. जमिनीवर अंडी घालणारे सगळे येतात आणि हलके होऊन जातात. यंदा त्या जंगलात पिल्लं फारशी दिसत नाहीत, पण झोप सगळ्यांना छान लागते.

तात्पर्य: गुरू करताना त्याची विद्या पाहावी, असं मोठी माणसं तुम्हाला सांगतील. विद्या राहू दे. त्याचं जेवण झालंय का, तेवढं पाहावं.